ड्रायरच्या पडद्यावर कोड आलाय? आधी वीज बघा, मग वारा

नमस्कार मंडळी. ड्रम फिरतोय, मिनिटं उतरतायत, आणि तासाभराने दार उघडलं तर टॉवेल गार आणि ओलेच. वर पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा. आजचा व्हिडिओ अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी आहे, कारण तिथल्या इलेक्ट्रिक ड्रायरची वायरिंग आपल्या सवयीपेक्षा वेगळी असते, आणि कोडचा अर्थ त्या वायरिंगशिवाय लागत नाही.

आधी वीज. या ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन लाइव्ह वायरी येतात. मोटर आणि ड्रममधल्या दिव्याला एक लाइव्ह आणि न्यूट्रल पुरते. हीटर मात्र दोन्ही लाइव्हच्या मध्ये बसतो, त्याला पूर्ण २४० व्होल्ट लागतात. म्हणजे मोटरची लाइन शाबूत राहून दुसरी गेली, तर ड्रम व्यवस्थित फिरतो, आवाज नेहमीचाच येतो, फक्त ऊब नसते. अशा वेळी व्हर्लपूल आणि मेटॅगच्या बऱ्याच मॉडेलांवर ‘एल२’ दिसतं, एलजीवर ‘एनपी’. लोक इथेच नवा हीटर मागवतात आणि पैसे वाया जातात.

घराच्या विजेच्या पॅनेलमध्ये ड्रायरचा ३० अँपिअरचा ब्रेकर बघा, दोन खटके एकत्र जोडलेला. तो चालू दिसत असला तरी आतून पडलेला, म्हणजे ट्रिप झालेला, असू शकतो. खटका आधी पूर्ण ‘बंद’कडे दाबा, मग ‘चालू’ करा. नुसता वर ढकलला तर बसत नाही. लगेच पुन्हा पडला तर परत परत चढवू नका, कुठेतरी शॉर्ट आहे.

ब्रेकर ठीक असेल तर प्लग काढा आणि ड्रायरच्या मागे जिथे कॉर्ड आत शिरते ते छोटं झाकण उघडा.

[क्लोजअप: टर्मिनल ब्लॉक]

हे बघा, हा टर्मिनल ब्लॉक, म्हणजे कॉर्डच्या वायरी स्क्रूने जोडायचा ठोकळा. या स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक काळपट झालंय, वायरचं टोक तांबूस-निळं पडलंय. हीटर चालू असताना इथून २० अँपिअरच्या वर करंट जातो. स्क्रू जरासा जरी सैल असला तरी जागा तापते आणि जळते. असं दिसलं तर ब्लॉक आणि कॉर्ड दोन्ही बदला, नुसता स्क्रू आवळून भागत नाही. भिंतीतल्या सॉकेटवर दोन लाइव्हच्या मध्ये २४० व्होल्ट मिळायला हवेत. पण चालू सॉकेटवर मीटर लावायचा सराव नसेल, तर ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आता वारा. खरं सांगायचं तर जास्त वेळ इथेच द्या. एलजीवर ‘डी८०’, ‘डी९०’, ‘डी९५’ आलं तर डक्ट, म्हणजे गरम हवा बाहेर नेणारा पाइप, तितके टक्के तुंबलाय असा मशीनचा अंदाज आहे. व्हर्लपूलवर ‘एएफ’ आलं तर हवा कमी वाहतेय. दमट गरम हवा बाहेर पडली नाही की उष्णता हीटरच्या पेटीतच अडकते, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, हीटर सारखा बंद करतो, आणि एका फेरीचं काम दोन फेऱ्यांना जातं.

ड्रायर चालू ठेवून घराबाहेर जा. भिंतीवरची झडप पूर्ण उघडून हाताला जोरात गरम झोत लागला पाहिजे. झडप नुसती थरथरत असेल तर ड्रायर बंद करून मागचा पाइप काढा आणि ओले कपडे घालून दहा मिनिटं चालवा. आता नीट तापला, तर ड्रायर निर्दोष आहे आणि डक्ट साफ करायचाय. ही चाचणी फक्त इलेक्ट्रिक ड्रायरवर. गॅसचा ड्रायर पाइप काढून कधीही चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

डक्ट ४ इंची, गुळगुळीत धातूचा हवा. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम नियमांत त्याची लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत धरतात, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे ५ फूट वजा होतात. भिंतीमागे दाबून बसवलेला चुरगळलेला फॉइलचा पाइप असेल तर तो आजच काढा. जोडावर आत डोकावणारे स्क्रू आणि बाहेरच्या तोंडावरची जाळीही नको, तिथे सुताचा भुगा अडकतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीत घरातल्या ड्रायरच्या आगींचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच आहे.

लिंटची, म्हणजे सुताच्या भुग्याची, जाळी झटकून स्वच्छ दिसते, पण नळाखाली धरा. पाणी वर साचून राहिलं, तर ड्रायर शीटचा, म्हणजे कपडे मऊ करायला टाकतात त्या कापडाचा, मेणचट थर बसलाय. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घ्या.

वीज आणि वारा दोन्ही ठीक असतील तरच आत शिरा. प्लग काढलेलाच असू द्या. प्रत्येक भागाची किमान एक वायर सोडवून मीटर लावा, नाहीतर शेजारच्या भागाचं रीडिंग येतं. हीटरच्या दोन टोकांमध्ये १० ओहमच्या आसपास हवं. टोक आणि पत्र्याची पेटी यांच्यात काहीच दिसायला नको. तिथे रीडिंग आलं तर तार तुटून पेटीला टेकलीय, आणि असा हीटर ‘विना-उष्णता’ सेटिंगवरही तापत राहतो. थर्मल फ्यूजमध्ये, म्हणजे जास्त तापलं की सर्किट तोडणाऱ्या भागात, कंटिन्युइटी नसेल, म्हणजे करंट आरपार जात नसेल, तर तो गेला. तो परत जुळत नाही, आणि वायर जोडून बायपास करणं म्हणजे आगीला आमंत्रण. नवा बसवण्याआधी डक्ट पुन्हा बघा, कारण फ्यूज बहुतेक वेळा हवा कोंडल्यामुळेच उडतो.

‘टीई१’ किंवा ‘एफ३ई१’ म्हणजे थर्मिस्टरची, तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, तक्रार. २५ अंश सेल्सिअसला साधारण १० किलोओहम, आणि हातात धरून ऊब दिली की आकडा उतरला पाहिजे. थर्मिस्टर बरा निघाला तर कनेक्टर हलवून बघा.

कोड नाही, फेरी लवकर संपते आणि कपडे दमट? ड्रममध्ये लिंटच्या जाळीजवळ धातूच्या दोन पट्ट्या आहेत, ओलाव्याचा सेन्सर. रबिंग अल्कोहोलने पुसा. दोनच शर्ट टाकले असतील तर ते पट्ट्यांना लागतच नाहीत, तेव्हा वेळ लावून वाळवा.

तुमच्या मॉडेलचे नेमके कोड हवे असतील, तर व्हर्लपूलच्या बऱ्याच ड्रायरमध्ये पत्र्याच्या आत घडी घातलेला एक कागद असतो, ओहमच्या आकड्यांसकट. फोटो काढा आणि कागद परत तिथेच खोचून ठेवा, पुढच्या माणसाला लागेल.