पदराची उलट बाजू

नमस्कार श्रोतेहो. कापसाचं कापड कसं होतं, त्याबद्दल आज बोलते. देवाची वात तुम्ही सगळ्यांनी वळली आहे. कापूस ओढला, पीळ दिला, की तो सहज तुटत नाही. सूतगिरणीत हेच चालतं. कापूस पिंजायचा, त्याचा पेळू, म्हणजे सैल लांब वात, करायचा आणि पेळू ओढत ओढत पीळ द्यायचा. सुताची ताकद पिळात आहे, पिळात. रेशमाचं निराळं. कोश गरम पाण्यात टाकला की शेकडो मीटरचा अखंड तंतू उलगडत येतो.

मग माग. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. पुन्हा सांगते, ताणा उभा, बाणा आडवा. मालेगावचा यंत्रमाग असो की येवल्याचा हातमाग, एवढं सारखंच. सुती ताण्याला आधी खळ लावतात, नाहीतर फणीत घासून धागे तुटतात.

माझं लग्न ठरलं तेव्हा आत्या मला नाशिकहून एस.टी.नं निफाड, विंचूर करत येवल्याला घेऊन गेली. पैठणी घ्यायची होती. साडीतलं आपल्याला सगळं कळतं, अशी आत्याची खात्री. कारागीर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. त्यांनी एक तयार पैठणी तिच्या हातात दिली. म्हणाले, "आत्या, पदराची सुलट बाजू कुठली, सांगा."

आत्यानं पदर तीनदा उलटला. दारात उजेडाला नेला. मोरावरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाली, "ही."

कोपऱ्यात धाग्याच्या कांड्या भरणारी त्यांची आई हसली. "दोन्ही सुलट, बाई!"

मग त्यांनी मागावर दाखवलं. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. मोराच्या कडेला आली की शेजारच्या धाग्यात अडकवून हातानं मागे फिरवायची. म्हणून मागच्या बाजूला एकही धागा लोंबत नाही. प्रत्येक ओळ अशी, हातानं. मंडपाच्या फुलांवर मुकाट्यानं पैसे ओतणारी माणसं विणकराशी दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतात, याचा मला फार राग येतो. घालू नका हो.

तेव्हापासून आत्याला सवयच लागली. पैठणी दिसली की पदर उलटून बघायची. माझ्या लग्नातही मुहूर्ताच्या जरा आधी तिनं विहीणबाईंचा पदर उलटला. मागे धागे लोंबत होते. आत्यानं तो हळूच सारखा करून दिला, "रंग छान खुलतो तुम्हाला," म्हणाली आणि अक्षता घ्यायला वळली.