सब उडतो तेव्हा आत नेमकं काय होतं

(दृश्य: रिपेअरिंगचं टेबल, उताणा ठेवलेला बारा इंची सब, बाजूला ब्लेड आणि मल्टिमीटर)

हा बारा इंची सब, म्हणजे सबवूफर, गाडीत फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर, बाहेरून बघाल तर नवाच वाटेल, कागद नीट, कडेचं रबर नीट, कुठे चीर नाही, आणि घेऊन आलेल्या पोराचं म्हणणं एकच, "दादा, पीसच खराब होता." मल्टिमीटर लावला. कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, 4 ओहमची असली की मीटरवर सहसा साडेतीनच्या आसपास आकडा येतो, इथे मीटर ढिम्म, काहीच नाही, म्हणजे आत तार तुटलीये. आता मधली डस्ट कॅप कापली आणि वास आला, जळक्या वार्निशचा, हा वास स्पीकर दुरुस्त करणारा माणूस दुकानाच्या दारातूनच ओळखतो.

कॉइल बाहेर काढल्यावर मात्र खोटं बोलायला जागा उरत नाही. कॉइल सगळीकडून सारखी काळी पडली असेल, वेढे सुटले असतील, तर ती तापून मेली. कॉइल चांगली आहे पण ज्या नळीवर ती गुंडाळलेली असते त्या नळीची खालची कड चेपलीये, तर ती मागच्या लोखंडी प्लेटवर आपटून मेली. स्पायडर, म्हणजे कोनच्या (समोरच्या हलणाऱ्या कागदाच्या) खाली असतं ते पिवळट घड्यांचं कापड, ते फाटलं किंवा चिकटवल्या जागेवरून सुटलं असेल तरी कोन गरजेपेक्षा जास्त हलवला गेला असंच समजायचं. आपल्यासमोरची ही कॉइल पूर्ण काळी आहे.

का तापली? तर एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, गाडीतला सब हा मुळात हीटर आहे. तुम्ही त्याला 100 वॉट दिले तर 99 च्या वर उष्णता होते आणि एक वॉटसुद्धा धड आवाज होत नाही, आणि ही सगळी उष्णता त्या एवढ्याशा तारेतून, मॅग्नेटच्या फटीतून बाहेर काढायची असते. म्हणून डब्यावर छापलेला 1200 वॉटचा मोठा आकडा विसरा, तो क्षणभराचा, त्याच्या खाली बारीक अक्षरात आरएमएस लिहिलेलं असतं, 250 नाहीतर 300, कॉइल न जळता सतत किती सोसेल ते हे. दुकानात भाव मोठ्या आकड्याचा सांगतात आणि जळतं मात्र बारीक आकड्याच्या हिशोबाने.

(दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा, गोल लाट, मग गेन वाढवताना सपाट होणारी लाट)

आता क्लिपिंग. अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवून सबला पॉवर देणाऱ्या अँप्लिफायरच्या, आत एक ठराविक व्होल्टेज असतं, त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. तुम्ही गेन, म्हणजे अँपवरचं सिग्नल वाढवायचं बटण, वाढवत गेलात की सिग्नलची लाट मोठी होत होत त्या मर्यादेला लागते, आणि मग तिचा वरचा गोल भाग कापला जातो, सह्याद्रीचा टोकदार सुळका बघता बघता पाचगणीचं टेबललँड व्हावं तसं. खालच्या बाजूलाही तेच. आणि गंमत ही की कापली गेली म्हणजे ताकद कमी झाली असं होत नाही, उलट वाढते, कारण लाट वरच्या टोकाला क्षणभर जाऊन परत येण्याऐवजी तिथेच मुक्काम ठोकून बसते. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर देते. म्हणजे स्वच्छ चालताना 500 वॉट देणारा अँप, करंट मिळत राहिला तर, कोंबून चालवल्यावर हजाराच्या जवळ जाऊ शकतो. तुम्ही सब घेतला 500 चा, अँप घेतला 500 चा, दुकानदार म्हणाला परफेक्ट मॅचिंग, आणि तरी जळला, तो असा.

इथे एक समज जरा सोडवायलाच पाहिजे कारण अर्धं गाव हेच सांगतं, "अँप छोटा असला की वूफर जळतो." छोटा अँप म्हणून काही जळत नाही. 50 वॉटचा अँप कितीही चौकोनी करा, 500 वॉट सोसणाऱ्या कॉइलला तो जाळू शकणार नाही. होतं असं की आवाज पुरत नाही म्हणून माणूस अँप कोंबतो, आणि सबची मर्यादा जवळच असेल तर दुप्पट झालेली उष्णता तिला ओलांडते. दुसरं एक, की लाट सपाट झाली की त्या वेळात कोन जागेवर थांबतो आणि हवा न लागल्यामुळे कॉइल जळते, हेही ऐकायला छान वाटतं पण कोनला वजन असतं, स्प्रिंगसारखी ओढ असते, तो तसा थांबत नाही. खुनी एकच, ठराविक वेळात सरासरी किती उष्णता आत गेली. क्लिपिंग हा त्या उष्णतेला आत सोडणारा दरवाजा, आणि स्वच्छ सिग्नलने सुद्धा, नुसता अँप फार मोठा लावून, सब जाळता येतो.

मग ऐकू का येत नाही? ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कोंबला की कान किंचाळतो, लगेच हात आवाजाकडे जातो. बासमध्ये तसं होत नाही, जाड, खालच्या सुरातला बिघाड आपल्या कानाला कमी कळतो, शिवाय सबचा जड कोन वरचे आवाज नीट काढतच नाही, त्यामुळे कापलेली लाटसुद्धा गाडीत बसून "काय जबरदस्त बसतोय" अशीच वाटते. खरखर ऐकू येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आणि लाट कापली जाते ती फक्त अँपमध्येच नाही, हे फार कमी लोक बघतात. सुरुवात पेनड्राइव्हपासून. "बास बूस्टेड", "फुल हार्ड मिक्स" असं नाव असलेली जी गाणी फिरतात त्यातली कित्येक फाइलमध्येच कापलेली असतात, तिथे तुम्ही गेन कितीही शहाणपणाने लावा, कापलेलं परत शिवता येत नाही. साध्या गाण्यात आवाजाची सरासरी ताकद ही टोकाच्या दहा डेसिबल किंवा त्याहून खाली असते, म्हणजे 500 वॉटचा अँप प्रत्यक्षात सरासरी 100 वॉट किंवा त्याहून कमीच देतो आणि कॉइलला श्वास घ्यायला फुरसत मिळते. त्या हार्ड मिक्समध्ये ती फुरसतच ठेवलेली नसते. मग हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर. बऱ्याच हेड युनिटचा आवाज शेवटच्या काही आकड्यांवर स्वतःच फाटतो, आणि त्यावर इक्वलायझरमध्ये बास पूर्ण वर, लाउडनेस चालू, अँपवर बास बूस्टचं बटण पूर्ण उजवीकडे. 6 डेसिबल बूस्ट म्हणजे त्या आवाजाला चौपट पॉवर मागितली, 12 डेसिबल म्हणजे 16 पट. अँप कुठून आणणार?

करंटचंही तेच. 500 वॉट खरे काढणारा क्लास डी, म्हणजे कमी करंट वाया घालवणाऱ्या प्रकारचा, अँप 13.8 व्होल्टवर 45 अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि आपण त्याला बाजारात मिळणारी स्वस्त किटची वायर लावतो, जी वरून तांब्याची दिसते आणि आत ॲल्युमिनियम. बास बसला की हेडलाइट मंद होतात, ते बघून पोरं व्हिडिओ काढतात, खरं तर ते लक्षण आहे. बहुतेक अँपमध्ये बॅटरीचं व्होल्टेज पडलं की आतली मर्यादाही खाली येते, 14.4 वर 500 वॉट देणारा अँप 12 वर साधारण साडेतीनशेवर येतो, म्हणजे काल ज्या आवाजाला लाट गोल होती त्याच आवाजाला आज ती कापली जाते. इंजिन बंद करून वाजवता तेव्हा नेमकं हेच चालू असतं. अर्थिंग द्यायची ती रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, घट्ट बोल्टने.

(दृश्य: डिकी उघडी, अँपच्या गेनवर स्क्रूड्रायव्हर)

आता हे बटण. यावर गेन लिहिलंय आणि सगळे त्याला व्हॉल्यूम समजून फिरवतात. हेड युनिट 2 व्होल्ट देतंय की 4, त्याप्रमाणे अँपचं जुळवून घेणं एवढंच त्याचं काम. लावायची पद्धत अशी, इंजिन चालू, गाडी उघड्यावर, गेन शून्यावर, इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य, लाउडनेस बंद, आणि डॅशबोर्डवर सबचा वेगळा नॉब असेल तर तो मात्र पूर्ण फिरवून ठेवायचा, नाहीतर नंतर कुणीतरी तो फिरवणार आणि सगळं मुसळ केरात. सबच्या वायरी काढायच्या. 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा, हेड युनिट साधारण तीन चतुर्थांशावर, आणि अँपच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. 2 ओहमवर 500 वॉट हवे असतील तर हजाराचं वर्गमूळ, 31.6. गेन हळूहळू वाढवत 31.6 आले की हात काढायचा. वॉट धरायचे ते अँप आणि सब दोघांपैकी ज्याचे आरएमएस कमी त्याचे.

मल्टिमीटरला लाट दिसत नाही हा त्याचा दोष, तो आकडा देतो, लाट गोल आहे की सपाट ते सांगत नाही. अँप डब्यावर लिहिलंय तेवढं देतच नसेल, आणि स्वस्तातले बरेच देत नाहीत, तर आकडा गाठायच्या नादात तुम्ही क्लिपिंगमध्येच जाल. म्हणून एक छोटा ऑसिलोस्कोप बरा, स्वस्त किटसुद्धा चालतो, लाटेचं टोक चपटं होऊ लागलं की जरा मागे यायचं. आधी हेड युनिट तपासा, मग अँप. कंपनीच्या टचस्क्रीनवाल्या गाड्यांमध्ये स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेतात तिथे तर हे हवंच, कारण त्यातली बरीच युनिटं आवाज वाढला की बास मुद्दाम कमी करतात आणि माणूस तो परत वाढवायला गेन पिळतो.

आपटून मेलेल्या कॉइलचं राहिलं. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला, बॉक्स असेल तर ज्या फ्रिक्वेन्सीला तो ट्यून केलाय त्याच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधारच मिळत नाही, थोड्या पॉवरलाही तो मोकाट हलतो. बऱ्याच अँपवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे आवाज कापणारं बटण, असतो, 35 हर्ट्झचा बॉक्स असेल तर तो 28-30 ला लावायचा. पोर्ट नसलेल्या बंद बॉक्सला याची एवढी गरज नसते.

हे सगळं करून गाडी दिली की हमखास तक्रार येते, आवाज कमी झाला. झालाच, थोडा. पण पॉवर दुप्पट केल्यावर फक्त 3 डेसिबल वाढतात, गेन पिळून एवढ्यासाठीच कॉइल जाळत होता. खरंच जास्त हवं असेल तर तसाच दुसरा सब लावायचा, बॉक्सही दुसरा, आणि दोघांनाही पुरेल एवढा अँप, एक सब होता तेव्हाच्या दुप्पट पॉवरचा. तेव्हा साधारण 6 डेसिबल मिळतात, आणि एकेका कॉइलवर भार पहिल्याइतकाच राहतो. फक्त त्याच्या आधी वायर बदलायची, तांब्याची.