यादीत माझ्या नावापुढं

(दृश्य: लातूर-अंबाजोगाई रस्ता, सकाळ. कडेला सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं. समोरून भोंगा लावलेली रिक्षा येते.)

आम्ही लातूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकणारी नऊ पोरंपोरी. २०२४ ची विधानसभा लागली तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या की पुस्तकातलं निवडणुकीचं प्रकरण नंतर वाचू, आधी गावागावात फिरून या, वह्या भरा आणि त्याची एक फिल्म करा. नियम तीनच. कुणाचा गमछा गळ्यात घालायचा नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाचा चहा घ्यायचा नाही. पहिले दोन पाळले. चहाचा तिसऱ्या दिवशी सुटला कारण दारात आलेल्या लेकराला बिनचहाचं पाठवायची आपल्याकडं रीतच नाही, आणि खरं सांगायचं तर लोक जे बोलले ते सगळं चहा हातात आल्यावरच बोलले.

मतदारसंघ निवडला लातूर ग्रामीण. म्हणजे रेणापूर, मुरूड आणि आजूबाजूची गावं. हाच का, तर २०१९ ला इथं एक गोष्ट झालेली जी आमच्या वर्गात अर्ध्या पोरांना माहीत नव्हती. त्या निवडणुकीत काँग्रेसचे धीरज देशमुख एक लाखावर मतं घेऊन निवडून आले आणि दोन नंबरला कुठला उमेदवार नव्हताच, दोन नंबरला नोटा होता, २७,५०० मतं. साडेसत्तावीस हजार माणसं उन्हात लाइनीत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि यातलं कुणीच नको असं सांगून घरी गेली. मला हा आकडा वाचल्यापासून झोप येत नव्हती. ही माणसं बघायची होती मला.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि त्याच दिवसापासून आचारसंहिता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एसटी स्टँडवरचे पोस्टर निघालेले, कोनशिलांना कागद चिकटवलेले. मग मध्ये दिवाळी आली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ३ ला भाऊबीज आणि ४ ला अर्ज माघारी घ्यायची शेवटची तारीख. प्रचार बंद व्हायचा १८ ला. म्हणजे खरा प्रचार चौदा दिवसांचा, २८८ जागा, राज्यभरात ४,१३६ उमेदवार आणि साडेनऊ कोटींच्या वर मतदार. चौदा दिवसांत हे सगळं कसं मावतं हा आमचा पहिला प्रश्न होता.

(दृश्य: सभेचं मैदान, रिकाम्या खुर्च्या, मग भरलेल्या.)

सुरुवातीला आम्ही सभांच्या मागं लागलो, कारण आम्हाला वाटायचं निवडणूक म्हणजे सभा. धीरज देशमुखांच्या प्रचाराला त्यांचे भाऊ रितेश देशमुख आले तेव्हा पोरांनी एवढे मोबाइल वर धरले होते की मागच्यांना स्टेज दिसेना. भाजपचे रमेश कराड समोर होते आणि त्यांच्याही सभा, पदयात्रा, कॉर्नर मीटिंगा जोरात. क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीच्या फावड्यातून पडणारी फुलं, हलगी, फटाके, सगळं बघितलं. पण चौथ्या पाचव्या दिवसापासून आम्ही स्टेजकडं पाठ करून बसायला लागलो, लोकांकडं तोंड करून. हे आम्हाला मॅडमनी सांगितलं नव्हतं, आमच्यातल्याच एकानं सुचवलं आणि मला वाटतं आमच्या चौदा दिवसांतलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

कारण लोकांकडं तोंड केलं की कळतं की भाषणातल्या कुठल्या वाक्याला मान वर होते. आमच्याकडं ती व्हायची सोयाबीनला. हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये आणि लातूरच्या बाजारात सौदा त्याच्या कितीतरी खाली निघत होता. एका बाजूनं सहा हजारांचं आश्वासन, दुसऱ्या बाजूनं सात हजारांचं. रेणापूरजवळ एका पारावर बसलेले एक काका म्हणाले, "लेकरांनो, सहा बी नको आन् सात बी नको, जे लिहिलंय ते चार हजार आठशे ब्याण्णव तेवढं हातात द्या म्हणावं." सरकारी खरेदी केंद्र होतं पण तिथं माल ओला म्हणून परत यायचा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. आणि मग मतदानाला पाच दिवस राहिले असताना केंद्रानं ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर ज्यांना दिवाळी करायची होती त्यांनी माल आडतीवर टाकून दिलेला. वहीत मी त्या दिवशी फक्त ही एकच गोष्ट लिहिली, दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही.

बायांची मान वर व्हायची ती लाडकी बहीण योजनेला. खात्यात दीड हजार येतच होते, आता सत्ताधारी म्हणायचे एकवीसशे करू, विरोधक म्हणायचे तीन हजार देऊ. शहरात बसून यावर फुकटचे पैसे म्हणून बोलणारे लई भेटतात, मी पण आधी तसंच काहीतरी बोलायचे. मुरूडकडच्या एका गावात एक मावशी भेटल्या, त्यांनी त्या पैशातून शिलाई मशीनचे हप्ते भरायला सुरुवात केलेली. त्या म्हणाल्या की एवढ्या वर्षांत माझ्या नावावर आलेले हे पहिले पैसे, आणि ते काढायला मी एकटी बँकेत गेले. त्यांनी मत कुणाला द्यायचं ठरवलंय ते आम्ही विचारलं नाही. एकटी बँकेत गेले हे त्या दोनदा म्हणाल्या.

(दृश्य: तांडा, संध्याकाळ. ट्रॅक्टरची ट्रॉली भरली जातेय.)

आता या चौदा दिवसांतलं मला सगळ्यात जास्त लागलेलं सांगते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू १५ नोव्हेंबरला. मतदान २० ला. रेणापूर तालुक्यातले तांडे आणि पलीकडं बीड जिल्हा, इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळी झाली की निघतात, कुणी सांगली कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, म्हणजे कधी निघायचं हे त्यांच्या हातात नसतंच. आम्ही एका तांड्यावर पोचलो तेव्हा ट्रॉलीत भांडी, पेटी, कोंबड्या, दोन लहान लेकरं आणि कोयते असं सगळं चढत होतं. एका दादांना विचारलं, मताला येणार का परत? ते म्हणाले, "गाडी आली तर यायलाव की." गाडी म्हणजे कुणीतरी उमेदवार पाठवेल ती गाडी. नाही आली तर नाही. मतदानाचा हक्क संविधानानं दिलाय, परीक्षेत आम्ही कलम ३२६ लिहून येतो, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. आणि इथं तो हक्क एका गाडीच्या येण्या न येण्यावर टांगलेला. याच्यावर उपाय काय हे मला अजून सांगता येत नाही, पण तारखा ठरवताना कॅलेंडरवर पेन ठेवणाऱ्या माणसाला हा तांडा दिसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: एका घराची ओसरी. चटईवर पसरलेले कागद.)

आणि यादी. आम्ही ज्याला प्रचार समजत होतो त्याच्या खाली एक वेगळाच प्रचार चालू असतो आणि तो पूर्ण कागदावर असतो. बूथची मतदार यादी. एका गावात एका पक्षाचे बूथवाले काका, पक्ष सांगत नाही कारण दोन्हीकडं हेच चालतं, रात्री दहा वाजता म्हणजे भोंगे बंद झाल्यावर ओसरीवर यादी पसरून बसायचे. साडेनऊशे नावं. तीन रंगांची पेनं आणि एक पेन्सिल. हिरवं म्हणजे आपलं, लाल म्हणजे समोरचं, निळं म्हणजे गावात नाही. निळ्यापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं, चाकण, हडपसर, भिवंडी, आणि फोन नंबर. मयत झालेल्यांची नावं खोडलेली, लग्न होऊन गेलेल्या पोरींपुढं सासरचं गाव. त्या माणसाला साडेनऊशे नावं तोंडपाठ. कोण कुणाच्या भावकीतलं, कुणाचा बांधावरून वाद, कोण मागच्या वेळी रुसलेला, कुणाला नोटा दाबायची सवय. आमच्यातला एक जण म्हणाला की काका हे तर आमच्या सर्व्हेपेक्षा भारी आहे. ते म्हणाले, "बाळ, सभा लोकाला दाखवायला असती. मतं इथं असतेत."

मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, तू अमक्याची लेक ना? माझं गाव तिथून जवळच, त्याच्या पलीकडचं, आणि आमच्या गावची यादीपण त्यांच्याकडं होती. त्यांनी पान काढलं. आमचं घर, तीन मतं. वडिलांपुढं रंग. आईपुढं तोच रंग. माझ्यापुढं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, हे काय. ते अगदी मायेनं म्हणाले, "नवीन हाव ना तू. पण वडील सांगतील तिकडंच टाकशील, वल्लं आसंल तवर पेन्सिल, मग पेन." त्यात काही वाईट नव्हतं त्यांच्या बोलण्यात, त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि बहुतेक घरांत तसंच होत असेल. पण मी तिथून निघाले तेव्हा माझे कान तापले होते. दोन आठवडे मी सगळ्यांचं निरीक्षण करत फिरत होते आणि मी स्वतः कुणाच्यातरी वहीत आधीच लिहिलेली होते. आणि आईपुढचा रंग. तो आईला कुणी विचारून लावला होता?

(दृश्य: अंगण. कॅमेरा बंद. काळी चौकट, फक्त आवाज.)

मतदानाच्या आधी पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांचं घरून मतदान झालं. यांच्यासाठी आधी फॉर्म १२ डी भरून द्यावा लागतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाची पणजी. टीम आली, दोन अधिकारी, पोलीस, शूटिंगवाला. आम्हाला आत परवानगी नव्हती, आम्ही मागितलीही नाही, अंगणातल्या तुळशीपाशी उभे राहिलो. पुठ्ठ्याचा आडोसा लावला. आजीला कमी दिसतं म्हणून त्यांचा लेक, तो पण सत्तरीचा, शेजारी बसायला गेला. आणि आतून आवाज आला, "सरक तिकडं, मला दिसतंय."

लेक बाहेर येऊन आमच्यापाशी उभा राहिला. कुणी काही बोललं नाही. आत बराच वेळ लागला. मग पाकीट चिकटवलं, सही नव्हती येत म्हणून अंगठा घेतला, आणि आजी अधिकाऱ्यांना म्हणाल्या की चहा घेऊन जा. ते म्हणाले चालत नाही आजी. आजींना ते काही पटलं नाही.

(दृश्य: १८ नोव्हेंबर, संध्याकाळ. भोंगे उतरवले जातात.)

१८ ला संध्याकाळी प्रचार थांबला आणि एवढी शांतता झाली की रातकिडे ऐकू यायला लागले. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांना मतदारसंघ सोडावा लागतो, ते गेले. राहिले ते यादीवाले. पुढच्या दोन रात्री सगळे फोन निळ्या नावांना. १९ च्या रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स भरून आल्या, पहाटे चौकाचौकात पोरं उतरली, डोळे लाल, पाठीला सॅक, त्यातला एक कंपनीत सेकंड शिफ्ट करून आलेला आणि रात्री परत जाणार होता. पगारी सुट्टी असते मतदानाला, कायद्यात आहे, पण ठेकेदाराकडं काम करणाऱ्याला ती कोण देतं.

२० तारखेला मी आणि आई एकत्र गेलो. बाया आणि गड्यांच्या लाइनी वेगळ्या. वाटेत मी आईला त्या रंगाचं सांगितलं, म्हणजे सांगायचं नाही असं ठरवलं होतं पण राहावलं नाही. आई काहीच बोलली नाही. शाळेच्या पायरीपाशी चप्पल नीट करत म्हणाली, "तुझ्या आज्जीला ते विचारून शिक्का मारायला लावायचे. मला कुणी विचारलं नाही अजून." मग आत गेली. मशीनचा लांब बीप बाहेर ऐकू आला. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही.

राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, २०१९ पेक्षा बरंच जास्त. २३ ला निकाल. लातूर ग्रामीणला रमेश कराड निवडून आले, साधारण साडेसहा हजारांच्या फरकानं. मागच्या वेळी नुसत्या नोटाला त्याच्या चौपट मतं होती. आमच्या नऊ जणांपैकी सहा जणांचा अंदाज चुकला. तांड्यावरच्या त्या दादांची गाडी आली का, ते कळावं म्हणून मी पुन्हा गेले तर घराला कुलूप, शेजारच्या म्हाताऱ्यांना नक्की सांगता येईना.

(दृश्य: तीच ओसरी, दिवसा.)

डिसेंबरात शूटिंगचं राहिलेलं घ्यायला त्या बूथवाल्या काकांकडं गेलो. याद्या टाकून दिल्या असतील असं वाटलं होतं. नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेल्या, जिल्हा परिषदेला लागतील म्हणाले. मी आमच्या गावचं पान बघू का म्हणून विचारलं. त्यांनी दिलं. माझ्यापुढं पेन्सिल तशीच होती. मी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि आईच्या नावापुढच्या रंगावर एक प्रश्नचिन्ह काढलं. ते बघत होते. म्हणाले, "आसं का?" मी म्हणलं, तिलाच विचारा काका, घरीच असती.