थंडी खालनं येती

(दृश्य : अंधार. लांब एकच शेकोटी. मेंढरांच्या पाठीवरून सरकत जाणारा बॅटरीचा उजेड.)

कराडच्या अलीकडं, कृष्णेच्या खोऱ्यातलं एक रान. चार दिवसांपूर्वी इथला ऊस तुटून कारखान्याला गेला. मागं राहिलं ते पाचट, उसाची वाळलेली पानं. त्या पाचटात माणदेशातून आलेला धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबत फिरणारी बिऱ्हाडं, उतरला आहे. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली आहेत, बारकी कोकरं डालग्याखाली झाकली आहेत. घोडी बांधून झाली. जानेवारीची रात्र आहे, दहा वाजलेत, आणि वाड्यातले तात्या झोपायची तयारी करतायत.

त्यांचे हात बघा. आधी ते पाचट गोळा करतात. दोन कवळे, मग आणखी एक. ढेकळांवर ते सैलसर पसरतात. त्यावर बारदान. त्यावर जेन, म्हणजे जाड विणीचं, अंथरायचं लोकरी घोंगडं. त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ. एवढं सगळं खाली गेलं. पांघरायला उरलं एक काळं घोंगडं.

"तात्या, खाली चार थर आणि वर एकच?"

"आरं पोरा, वरनं कुठं थंडी लागती? थंडी खालनं येती. भुई वढून घेती सगळी ऊब."

(दृश्य : तात्या घोंगड्याची घडी मोडतात. आवाज फक्त पाचटाचा.)

हे मला एकोणिसाव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं. तेव्हा आम्ही पाच जण बामणोलीच्या बाजूला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तंबू टाकून राहिलो होतो. डिसेंबर संपत आला होता. माझ्याजवळ भाड्यानं आणलेली स्लीपिंग बॅग होती, चांगली फुगीर. खाली मात्र तंबूचं कापड आणि एक सतरंजी, एवढंच. बारापर्यंत गप्पा चालल्या. दीडला जाग आली ती पाठीमुळं. पोट गरम, छाती गरम, आणि कंबर, खांदे ओल्या फरशीवर उघडे टेकवल्यासारखे. स्वेटर घातला, त्यावर जॅकेट घातलं. पाठ तशीच. शेजारच्या मित्राचे दात वाजत होते. साडेचारला तो तंबूची चेन उघडायला गेला, तर त्याला ती बोटांत धरता येईना. आम्ही त्याला हलवून हलवून जागं ठेवलं, गरम पाणी पाजलं, दोघांच्या मध्ये घेतलं. बोटं अशी ऐकेनाशी होणं म्हणजे काय, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी समजलं.

माणसाचं अंग आतून गार पडायला लागलं की आधी हुडहुडी भरते. मग हातून वस्तू पडतात, बोलणं अडखळतं, पाय नीट पडत नाहीत. आणि अंग गरम झालेलं नसतानाच हुडहुडी थांबली, तर ती धोक्याची खूण आहे. त्या माणसाला बरं वाटायला लागलं असं समजून झोपू देऊ नये. ओले कपडे उतरवायचे, खाली-वर कोरडं गुंडाळायचं, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी पाजायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. यासाठी बर्फ पडावा लागत नाही. अंग भिजलेलं असेल आणि वारा असेल, तर 10 अंशालाही हे होतं. एवढी थंडी आपल्या सातारा-सांगलीत डिसेंबर-जानेवारीत पडतेच.

आता तात्यांच्या पाचटाकडं परत येऊ.

स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. घोंगडंही करत नाही. ऊब आपलं शरीर तयार करतं; पांघरूण ती धरून ठेवतं, तेही कापडाच्या जोरावर नाही, तर त्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. बॅग फुगीर असते ती या हवेमुळं. पण आपण तिच्यावर आडवे झालो की अंगाखालचा भाग चेपून चपटा होतो, हवा निघून जाते, आणि जिथं जमीन टेकते नेमकी तिथंच बॅग कुचकामी ठरते. आपल्या कातडीपेक्षा जानेवारीतली जमीन वीसेक अंशांनी थंड असते. तिला कितीही ऊब द्या, रात्रभरात ती काही तापत नाही.

(दृश्य : मुठीतलं पाचट. मूठ सोडल्यावर ते हळूहळू पुन्हा फुलतं.)

उसाचं वाळलेलं पान कडक असतं. वर माणूस झोपला तरी ते पुरतं चेपत नाही, पानापानांत हवा राहते. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी फोमची मॅट हेच काम करते. तिच्या बंद बुडबुड्यांतली हवा वजनानंही बाहेर पडत नाही. अशा मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी ती जमिनीला ऊब कमी जाऊ देते. एकावर एक दोन मॅट टाकल्या तर दोघींच्या आकड्यांची बेरीज होते. तात्यांचं पाचट, बारदान, जेन आणि वाकळ म्हणजे हीच बेरीज. पंपानं फुगवायची साधी हवेची गादी मात्र थंडीत दगा देते. आतली मोकळी हवा वरखाली फिरते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. गादी मऊ असते, म्हणून लोक फसतात.

तुमच्याकडं दोनच चादरी असतील, तर एक खाली घाला. आमच्यासारखी चूक करू नका. कडबा, गवत, पाचट, पुठ्ठा, रिकामी सॅक, जे मिळेल ते पाठीखाली जाऊ द्या. सगळं अंग झाकण्याइतकं नसेल, तर आधी खांदे आणि कंबर. वजन तिथंच पडतं.

अंथरुणाची जागाही तात्यांनी सहज निवडलेली नाही. रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, तिकडं वाड्यातलं कुणीच झोपत नाही. सगळी बिछानी वरच्या बांधाच्या आडोशाला. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. ओढ्याकाठी, तळ्याकाठी दवही जास्त पडतं. वीस-तीस पावलं वर चढलं तरी फरक कळतो. पण अगदी माथ्यावर, उघड्या पठारावरही नको, तिथं वारा उरलीसुरली ऊब घेऊन जातो. उताराचा मधला भाग आणि वाऱ्याकडं पाठ केलेला बांध, अशी जागा धरावी.

(दृश्य : महाबळेश्वर. पहाट. वेण्णा तलावाजवळचं पांढरं पडलेलं गवत.)

थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात दव गोठतं. गवतावर, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. लोक म्हणतात, पारा शून्याच्या वर असताना हे कसं? निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडं सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवरची हवा मोजतो, गवताच्या पात्याची थंडी त्याला कळत नाही. मोकळ्या आभाळाखाली झोपलेल्या माणसाचं पांघरूणही असंच गार पडतं. म्हणून दाट झाडाखाली झोपणाऱ्याला कमी गारठतं. झाडाची पानं आकाशाच्या मानानं पुष्कळ उबदार असतात. चांदण्या बघत झोपायची हौस मलाही आहे. त्या रात्री मी एक पांघरूण जादा घेतो.

आणि आता घोंगडं. याच्यावर जरा थांबू या.

दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते. कातरलेली लोकर पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो ताठ करायचा, आणि मग सणगर ते मागावर विणतात. काळं घोंगडं बहुतेकदा रंगवलेलं नसतं, तो मेंढीचाच रंग. लोकरीचा प्रत्येक केस नागमोडी असतो, त्या वळणांत हवा अडकते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पिते, तरी हाताला ओली लागत नाही. सुती वाकळीवर दव पडलं की ती जड होते आणि गारठते. म्हणून दव पडतं त्या बाजूला लोकर आणि अंगाखाली सुती वाकळ. हा क्रम वाड्यावर लहान पोरालाही ठाऊक असतो.

साताऱ्याच्या माणसाला घोंगडं म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करणारे अण्णा. पांढरी दाढी, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. गावोगावच्या रयतच्या शाळांत त्यांचं हे रूप आम्ही रोज पाहिलं. लहानपणी मला ती घोंगडी गरिबीची खूण वाटायची. वाड्यावर एक रात्र काढल्यावर कळलं, की रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला याहून कामाची वस्तू मिळाली नसती. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्या, बसायला अंथरा, रात्री पांघरा.

आणखी एक गोष्ट. रात्री कुत्री भुंकली की तात्या एका झटक्यात उभे राहतात. उसाच्या या पट्ट्यात बिबट्या असतो. घोंगडं झटकून टाकता येतं. चेन लावलेल्या पिशवीत गळ्यापर्यंत शिरलेल्या माणसाला राखण करता येत नाही.

पण खरं घोंगडं आता कमी होत चाललं आहे, आणि याचं मला वाईट वाटतं. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावानं ओळखली जाणारी मेंढी आज पुष्कळ जण पाळतात. उंच, देखणी, मटणाला चांगली, पण अंगावर लोकर अगदी तुरळक. मेंढपाळाला यात दोष देता येणार नाही. लोकरीला भाव नाही आणि घरात पोरं शिकायची आहेत.

(दृश्य : चुलीवर भाकरी. पातेल्यात हुलग्याचं माडगं.)

उपाशी झोपलं तर थंडी जास्त वाजते, कारण पोटात घातलेल्या अन्नावरच शरीर तापतं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, झोपायच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ. दिवसभर घामेजलेले कपडे तसेच ठेवून झोपू नका. झोपायचा एक जोड कोरडा राखून ठेवा, मोज्यांसकट. कानटोपी घाला, पण तोंड पांघरुणात घेऊ नका. श्वासाची वाफ आत साचते आणि पांघरूण ओलसर होतं. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवली तर तासन्‌तास पुरते. बॅग विकत घेताना तिच्यावरचा सगळ्यात खालचा आकडा बघून घेऊ नका. तो जीव कसाबसा वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नाही.

दारूबद्दल स्पष्टच सांगतो. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जात असते, आणि आपण गारठतोय हे कळण्याची शुद्धही राहत नाही.

आणि शेगडी. तंबूत कोळशाची शेगडी, निखारे, गॅसचा स्टोव्ह काहीही पेटतं ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. माणूस झोपेतच जातो. थंडीनं एक रात्र जागरण झालं तर सकाळी ऊन आहे. या गॅसनं झोपलेला उठत नाही. तंबूची वरची झडप थंडीतही थोडी उघडी ठेवा. आतली वाफ निघून जाते आणि पहाटे कापडावरून पाणी ठिबकत नाही. शेकोटी करायची ती बाहेर, मोकळ्या जागी, भोवतीचं वाळलं गवत काढून. झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची. वणव्याला एक ठिणगी पुरते. वासोट्याच्या जंगलात तर रात्री राहायला परवानगीच नाही, तिथं दिवसा जाऊन दिवसा परतायचं.

(दृश्य : पहाट. मेंढरांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ.)

सात वाजत आलेत. रात्रीची सगळ्यात कडक थंडी ही आत्ताची, सूर्य उगवायच्या सुमाराची. आभाळ अजून ऊब ओढतंय आणि ऊन आलेलं नाही. काल रात्री मीही पाचटावर झोपलो. अंगावर एक घोंगडं होतं, तात्यांच्या घरचंच. रात्रीतून दोनदा जाग आली. दोन्ही वेळा कुत्र्यांमुळं.

तात्या उठतात. घोंगडं झटकतात, दवाचे थेंब उडतात. खालची वाकळ कोरडी आहे. जेन गुंडाळून घोड्याजवळ जातं, बारदान त्याच्यावर. पलीकडं बायका वाघर सोडायला लागल्यात.

मी तात्यांच्या जागेवर हात ठेवतो. पाचट अजून गरम आहे. चार बोटं बाजूला, उघड्या ढेकळावर हात ठेवतो आणि लगेच उचलतो.

"काय रं, काय बघतुयास?"

"काही नाही, तात्या."

ते वळून मेंढरांकडं जातात. वाड्यातलं म्हातारं कुत्रं रात्रभर राखण करून येतं, त्या गरम पाचटाचा वास घेतं, दोनदा गोल फिरतं आणि वेटोळं करून तिथंच पडतं.