बग्गीला काय जुंपलं होतं?

(पुलावरून जाणारं वाफेचं इंजिन)
स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन पूल. २१ कमानी. १९०१ पासून इथून गाड्या धावतात. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत जादूच्या शाळेला जाणारी गाडी, हॉगवर्ट्स एक्स्प्रेस, हाच पूल ओलांडते. लाल डबे, पांढरा धूर, हिरवे डोंगर. तिसऱ्या चित्रपटात याच गाडीतले दिवे जातात, काचांवर बर्फ चढतं आणि माणसातला आनंद शोषून घेणारे डिमेंटर आत शिरतात.

(पुस्तकांची चळत, एकावर एक)
हॅरी पॉटर. पहिलं पुस्तक १९९७ चं, मूळ ब्रिटिश आवृत्तीत पानं २२३. पाचवं २००३ चं, पानं ७६६. एका पुस्तकात शाळेचं एक वर्ष. अकरा वर्षांचा हॅरी शेवटी सतरा वर्षांचा होतो.

मालिका पुढे काळोखी होत गेली, असं सर्रास म्हणतात. पण पहिलंच प्रकरण उघडून बघा. आईबापांचा खून झालेलं तान्हं पोर रात्री मावशीच्या दाराशी ठेवलेलं आहे. पुढे दहा वर्षं ते जिन्याखालच्या फडताळात झोपतं. पण जे. के. रोलिंग हे सगळं इतक्या मिश्कीलपणे सांगतात की वाचणारं मूल घुबडांत आणि उडत्या झाडूंत रमून जातं.

(रेखाटन: पावसात उभ्या बग्ग्या)
तिसऱ्या वर्षी हॅरी स्टेशनवरून बग्गीत बसून शाळेत जातो. घोडे दिसत नाहीत. अदृश्य असतील, असं तो धरून चालतो. चौथ्या वर्षीही तेच. त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्यासमोर शाळेतलाच सेड्रिक डिगरी मारला जातो. वय सतरा. वैर कुणाशीच नाही. तिथे होता, म्हणून मेला.

पाचव्या वर्षी हॅरी बग्गीपाशी येतो, तर प्राणी जुंपलेले. हाडांना चिकटलेलं काळं कातडं, पांढरे डोळे, वटवाघळाचे पंख. थेस्ट्रल. ज्यानं मरण पाहिलंय, त्यालाच ते दिसतात. शेजारच्या रॉनला, त्याच्या मित्राला, काहीच दिसत नाही. शाळेतल्याच लूनाला मात्र दिसतात. तिची आई तिच्यासमोर गेली होती.

म्हणजे ते पहिल्यापासून तिथेच होते! अख्ख्या मालिकेतली ही आमची सगळ्यात लाडकी जागा. इथे नवा राक्षस आणावा लागला नाही. वाट तीच, बग्गीही तीच, फक्त मुलाला आता दिसायला लागलं.

(गुलाबी कपडे, भिंतीवर मांजरांच्या बशा)
आणि पाचव्या पुस्तकातली खरी भीती हॅरीच्या आईबापांना मारणाऱ्या वोल्डेमॉर्टची नाहीच. ती या बाईंची. डोलोरेस अंब्रिज, शिक्षिका. यांच्या शिक्षेच्या टाकाला शाई लागत नाही. आपण खोटं बोलू नये, असं हॅरीनं पुन्हा पुन्हा लिहायचं. अक्षरं कागदावर उमटतात ती त्याच्याच रक्तात आणि हाताच्या कातडीवर कोरली जातात. तो खरं बोललेला असतो.

(सातव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ)
२००७. युद्ध. कोण कोण गेलं, ते इथे वाचत नाही.

ब्रिटनमध्ये पहिल्या तीन चित्रपटांना 'पीजी' (पालकांनी ठरवावं) प्रमाणपत्र मिळालं, चौथ्याला '१२ ए' (बारा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघावा). अमेरिकेतल्या ग्रंथालयांत २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतले गेले ते याच मालिकेवर. त्यांचा मुख्य रोख होता जादूटोण्यावर.