मेणवलीच्या घाटावर काय घालायचं?

(दृश्य: साताऱ्यातलं घर. पलंगभर पसरलेले कपडे.)

आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, तोही वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, सकाळी सकाळी, एवढं ठरलंय. घालायचं काय, यावरून मात्र घरात धुसफूस चाललीय.

धाकट्या सुनेनं मोबाईलवर बघून फर्मान काढलं: सगळ्यांनी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स. आजोबांनी जन्मभर पांढरंच घातलंय. जीन्सचं नाव निघताच ते उठून अंगणात गेले.

(दृश्य: घाटाच्या पायऱ्या.)

फोटोग्राफर कपड्यांच्या आधी जागा बघतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या. त्यांवर काळा किंवा गडद निळा कुर्ता घातला की अंग दगडात मुरतं, नुसते चेहरे आणि हात उरतात. पांढऱ्याची तऱ्हा उलटी. चेहऱ्यावरचा उजेड साधला तर शर्टाच्या चुण्या-बटणं पुसली जातात. शर्ट सांभाळावा, तर चेहरे काळवंडतात. इथं हळदी, विटकरी, डाळिंबी असे रंग खुलतात. पोपटी नको. अंगावरच्या भडक रंगाची झाक हनुवटीखाली चढते.

बाबांचा लाडका बारीक चौकडीचा शर्टही बाद. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बिंदूंची स्वतःची जाळी असते. तिच्यावर कापडाची तितकीच बारीक जाळी पडली की कापडावर नसलेल्या लाटा फोटोत उमटतात, आणि त्या नंतर काढणं महाजिकिरीचं. मोठ्या चौकडी चालतील.

(दृश्य: आजीच्या मांडीवर दोन साड्या.)

पैठणी की इरकल? पैठणीची जर थेट उन्हात इतकी चकाकते की पदरावर पांढरे ठिपके दिसतात. सावलीत ती झकास. पण घाटावर ऊन कधी सरकेल, सांगता येत नाही. आमचं मत इरकलीला: लाल पदर, त्यावरची पांढरी टोपतेणी नक्षी, दगडासमोर काय उठून दिसेल! मात्र सुना-लेकींनी तशाच घेऊ नयेत, नाहीतर बँडपथक वाटायचं.

नातवाला घंटेपाशी फोटो हवाय. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा घाटावरच्या छोट्या देवळात आहे. आत उजेड कमी, तेव्हा त्याला हळदी झब्बा.

एक सोपी चाचणी. निवडलेले कपडे खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि काळा-पांढरा करून बघा. जो कपडा पाषाणाइतकाच काळा दिसेल, तो बाजूला.

आणि आजोबा? सदरा पांढराच, पण दुधी छटेचा. फोटोत नजर आधी सर्वांत उजळ जागेवर जाते, म्हणून त्यांना आजीशेजारी मधोमध बसवायचं. सुनेची जीन्सही चालेल. फक्त फाटकी नको, असं आजींनी बजावलंय.