तीन गुणांचं गणित: डेव्हिस चषकातला भारत

(पडद्यावर: रिकामं टेनिस कोर्ट, वरून. एकेक करून पाच सामन्यांच्या चौकटी उमटतात.)

डेव्हिस चषक ही पुरुषांच्या टेनिसमधली देशादेशांची सांघिक स्पर्धा. 2019 पासूनचा तिचा शेवटचा 'फायनल्स' टप्पा सोडला, तर दोन देशांची गाठ पडली की पाच सामने ठरतात. चार एकेरी, एक दुहेरी. ज्याचे तीन आधी होतील त्यानं लढत जिंकली. नेहमीच्या रचनेत दोन खेळाडू एकेरी खेळतात आणि प्रत्येकाला समोरच्या दोघांशी एकेकदा भिडावं लागतं. म्हणजे संघात एक जण खरोखर अव्वल असेल, तर दोन गुण तो एकटा आणू शकतो. तोच दुहेरीत उतरला आणि जिंकला, तर तिसराही.

दुसरी गोष्ट यजमानाच्या हक्काची. कोर्ट हिरवळीचं, क्लेचं म्हणजे मातीचं, की हार्ड, हे यजमान देश ठरवतो. मागची लढत एकाच्या घरी झाली असेल तर पुढची दुसऱ्याच्या.

भारतीय संघ तीनदा अंतिम टप्प्यापर्यंत गेला आणि चषक एकदाही हाती आला नाही. त्यामागची बरीचशी कारणं या दोन नियमांमध्ये सापडतात: एक मोठा एकेरीपटू, भक्कम दुहेरी आणि पायाखाली आपली हिरवळ. तिन्ही जमलं तेव्हा भारतानं भल्याभल्यांना घरी पाठवलं. यातलं एक जरी निसटलं, तरी हिशेब कोलमडला.

(पडद्यावर: 1921)

भारत पहिल्यांदा उतरला 1921 साली. देश पारतंत्र्यात, पण संघ भारताच्या नावानं. मोहम्मद सलीम, एस. एम. जेकब, लुईस डीन, फैजी ही त्या पहिल्या पिढीतली नावं. पॅरिसमध्ये फ्रान्सला 4-1 असं हरवून त्यांनी सुरुवात केली. उपांत्य लढत शिकागोला, जपानशी. तिथे 0-5. जपान त्या वर्षी थेट अमेरिकेला आव्हान देण्यापर्यंत पोहोचला, हे लक्षात घेतलं तर पदार्पणातली ही मजल लहान नव्हती.

पुढची तीसेक वर्षं भराभर मागे टाकता येतील. खेळाडू होते, गौस मोहम्मद 1939 साली विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. पण वर्षानुवर्षं एकत्र खेळणारा, मुरलेला संघ तयार झाला तो रामनाथन कृष्णन आल्यावर.

(पडद्यावर: बॉलची उसळी दाखवणारी रेखाकृती, तीन पृष्ठभागांवर)

कृष्णनची सर्व्हिस जोरकस नव्हती. त्याची ताकद हातात होती: छोटा स्विंग, बॉल उसळता उसळताच घेण्याची सवय आणि अचूक जागा. या खेळाला हिरवळ का मानवते ते समजून घेऊ. गवतावर बॉल कमी उसळतो आणि टप्प्यानंतर घसरत पुढे येतो. ज्याचा स्विंग मोठा, त्याची रॅकेट मागे जाईपर्यंत बॉल येऊन पोहोचलेला असतो. ज्याचा स्विंग आखूड, त्याला तोच वेग उसना घेऊन परत करता येतो. त्यातच लढत तीन दिवस चालली की बेसलाइनमागचं गवत उडतं, माती उघडी पडते आणि टप्पे वेडेवाकडे होतात. त्यावर उपाय एकच, टप्पा पडूच द्यायचा नाही. म्हणून सर्व्हिस करून नेटकडे धावायचं आणि व्हॉली मारायची. कोलकात्याच्या साउथ क्लबसारख्या ठिकाणी वाढलेल्या मुलांच्या हे अंगवळणी पडलेलं असे.

कृष्णन 1954 साली विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला. 1960 आणि 1961, सलग दोन वर्षं तो तिथे पुरुषांच्या उपांत्य फेरीत होता. 1959 साली डेव्हिस चषकात त्यानं ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरला हरवलं होतं. त्याच्या जोडीला जयदीप मुखर्जी आणि प्रेमजित लाल.

आता 1966. कोलकाता, ब्राझीलविरुद्धची लढत. ब्राझीलनं त्याच वर्षी अमेरिकेला बाहेर काढलं होतं. लढत 2-2 अशी अडली आणि शेवटच्या सामन्यात कृष्णनसमोर डावखुरा थॉमस कोच. पहिला सेट कोचचा, दुसरा कृष्णनचा, तिसरा पुन्हा कोचचा, तोही 12-10 असा. टायब्रेक तेव्हा नव्हताच. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा. चौथ्या सेटमध्ये कोच 5-2 पुढे गेला. एक गेम आणि ब्राझील चॅलेंज राउंडमध्ये. तिथून कृष्णननं सलग पाच गेम घेतले. सेट 7-5, पाचवा 6-2, लढत भारताची.

(पडद्यावर: 3-6, 6-4, 10-12, 7-5, 6-2)

चॅलेंज राउंड हा शब्द आज वापरात नाही. त्या काळी आदल्या वर्षीचा विजेता थेट अंतिम लढत खेळायचा, आणि तीही स्वतःच्या घरी. बाकी सगळ्यांनी वर्षभर एकमेकांशी झुंजायचं आणि उरेल त्यानं विजेत्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. ही पद्धत 1972 मध्ये बंद झाली. 1966 च्या डिसेंबरात भारत मेलबर्नच्या कूयाँगला पोहोचला तो असा. समोर ऑस्ट्रेलियाचे रॉय इमर्सन, फ्रेड स्टोल, जॉन न्यूकोंब आणि टोनी रोश. कोर्ट हिरवळीचंच, पण हिरवळ ही हक्काची जागा त्यांचीही होती आणि त्यांची सर्व्हिस कितीतरी जड. पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुहेरी. न्यूकोंब आणि रोश आदल्या वर्षीचे विम्बल्डन दुहेरी विजेते. कृष्णन-मुखर्जी यांनी पहिला सेट 4-6 गमावला आणि पुढचे तीन 7-5, 6-4, 6-4 असे जिंकले. ऑस्ट्रेलियानं लढत 4-1 नं घेतली, पण त्या एका गुणाचं मोल मोठं आहे. आघाडीच्या चार ऑस्ट्रेलियनांमधली ती दुहेरीची खास जोडी होती आणि भारतानं तिलाच तिच्या घरच्या कोर्टवर हरवलं.

(पडद्यावर: 17-15, 6-8, 6-3, 16-18, 6-4)

हा स्कोअर नीट पाहा. 1974, कोलकाता, पुन्हा ऑस्ट्रेलिया. विजय आणि आनंद अमृतराज एका बाजूला, जॉन अलेक्झांडर आणि कॉलिन डिब्ली दुसऱ्या बाजूला. एका दुहेरीत 99 गेम. चारही जण उत्तम सर्व्हिस करणारे, हिरवळीवर सर्व्हिस भेदणं अवघड, आणि टायब्रेक नाही. मग सेट असे लांबतात. पाचही सामने मिळून त्या लढतीत 327 गेम झाले. डेव्हिस चषकाच्या इतिहासात एका लढतीतला हा विक्रम आहे. भारत 3-2 नं जिंकला.

त्याच वर्षी सोव्हिएत संघाशी उपांत्य लढत झाली ती पुण्यात. अलेक्स मेत्रेवेली हा त्यांचा मोठा खेळाडू, आदल्याच वर्षीच्या विम्बल्डनचा उपविजेता. भारतानं ही लढत 3-1 अशी जिंकली आणि अंतिम फेरी गाठली.

अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेद हे तिथल्या सरकारचं अधिकृत धोरण होतं आणि भारताचा त्याला विरोध ठाम होता. भारतानं खेळायला नकार दिला. चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. अंतिम लढत अशी पुढे चाल देऊन निकाली निघाल्याचं डेव्हिस चषकातलं हे एकमेव उदाहरण. तो भारतीय संघ भरात होता. अमृतराज बंधूंची दुहेरी आणि विजयची एकेरी पाहता चषकाची इतकी चांगली संधी भारताला आधी आली नव्हती, नंतरही आलेली नाही. तरीही तो निर्णय योग्यच होता. ज्या देशात कातडीच्या रंगावरून माणसाची जागा ठरत होती, त्याच्याशी अशी अंतिम लढत खेळणं म्हणजे त्या व्यवस्थेला मान्यता देणंच ठरलं असतं.

(पडद्यावर: 1987. दिल्ली, दिल्ली, सिडनी, योटेबोरी असा नकाशावरचा प्रवास)

तेरा वर्षांनी भारत पुन्हा अंतिम फेरीत आला. विजय अमृतराज आता 33 वर्षांचा, संघाचा कर्णधार आणि खेळाडूही. दुसरा एकेरीपटू रमेश कृष्णन, रामनाथनचा मुलगा.

दिल्लीत अर्जेंटिना. क्लेवर वाढलेले, भरपूर टॉपस्पिन मारणारे, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी देणारे खेळाडू, म्हणून त्यांच्यासाठी हिरवळ. मार्टिन जैतेविरुद्ध विजय पहिले दोन सेट हरला, मॅच पॉइंट वाचवला आणि पाच सेटमध्ये जिंकला. लढत 3-2. पुढे इस्रायल, पुन्हा दिल्लीत. त्या देशाशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध तेव्हा नव्हते, ते 1992 मध्ये आले. पण या वेळी भारत खेळला आणि 4-0 जिंकला. मग सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलिया. लढत 2-2 असताना रमेशनं वॉली मासूरला सरळ सेटमध्ये हरवलं. ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियात, हिरवळीवर हरवणं वडिलांच्या पिढीला जमलं नव्हतं.

अंतिम लढतीचं यजमानपद स्वीडनकडे. डिसेंबर महिना, योटेबोरी शहर, स्कँडिनेव्हियम हे बंदिस्त क्रीडागृह. स्वीडननं आत क्ले अंथरली. त्यांच्याकडे मॅट्स विलँडर होता, फ्रेंच ओपन दोनदा जिंकलेला. क्लेवर बॉलचा वेग मरतो आणि उसळी वाढते. टॉपस्पिननं आलेला बॉल खांद्याच्या वर जातो, आणि सपाट, आखूड फटके मारणाऱ्याला तिथून जोर काढता येत नाही. नेटकडे जावं तर समोरच्याला पासिंग शॉट, म्हणजे बाजूनं बॉल काढून देणारा फटका, आखायला पुरेसा वेळ मिळतो. भारताची हत्यारं अशी एकेक करून बोथट झाली. 5-0.

(पडद्यावर: लिअँडर पेस)

1990, चंडीगड, जपानविरुद्धची दुहेरी. झीशान अलीच्या जोडीला 16 वर्षांचा लिअँडर पेस. पाचवा सेट 18-16 असा जिंकून त्यानं पदार्पण केलं. पुढच्या दशकात तीन गुणांचं गणित जवळजवळ एकट्याच्या खांद्यावर आलं. एकेरीच्या क्रमवारीत पेस कधीच फार वर नव्हता. सर्व्हिस मध्यम, बॅकहँड बहुतेक स्लाइस. पण नेटजवळचं त्याचं अंदाज बांधणं आणि हाताचा वेग विलक्षण होता, आणि पाच सेटच्या सामन्यात तो दमायचा नाही.

1993 मध्ये पेस आणि रमेश कृष्णन यांच्या संघानं फ्रान्सला फ्रेजुसमध्ये 3-2 असं हरवलं, तेही क्लेवर. भारतीय संघाच्या परदेशातल्या विजयांमध्ये हा फार वरच्या जागी ठेवावा लागेल. उपांत्य लढतीत चंडीगडला ऑस्ट्रेलियानं 5-0 केलं. 1995 मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच दोन सेट पुढे होता. त्या काळातली सर्वांत भेदक सर्व्हिस त्याची. पेस पाच सेटमध्ये जिंकला आणि क्रोएशिया 3-2 नं गेला.

मग महेश भूपती आला. दोघांनी डेव्हिस चषकात सलग 24 दुहेरी सामने जिंकले. हाही विक्रमच. पण पेसनं एकेरी सोडली तसा हिशेब बदलला. जगातली सर्वोत्तम दुहेरी जोडीसुद्धा लढतीत एकच गुण देते. उरलेले दोन एकेरीतूनच यायला हवेत, आणि तिथे माणूस नव्हता. 1998 नंतर वर्ल्ड ग्रुपचं, म्हणजे अव्वल देशांच्या गटाचं, दार पुन्हा उघडायला 2010 उजाडलं. तेही सोमदेव देववर्मनमुळे, जो बेसलाइनवरून तासन् तास लढायचा. त्याच वर्षी चेन्नईत ब्राझीलविरुद्ध 0-2 अशा पिछाडीवरून संघानं 3-2 असा विजय खेचला. शेवटचा सामना रोहन बोपण्णानं जिंकून दिला.

2018 मध्ये तियानजिनला पेस-बोपण्णा यांनी चीनच्या जोडीला हरवलं आणि पेसचा डेव्हिस चषकातला दुहेरीचा 43 वा विजय नोंदला गेला. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा 42 विजयांचा विक्रम मागे पडला. ही लढतही 0-2 वरून फिरली होती.

(पडद्यावर: कोलकाता, फेब्रुवारी 2019)

स्पर्धेची रचनाही त्याच सुमारास बदलली. पाच सेटऐवजी तीन, तीन दिवसांऐवजी दोन. दोन्ही संघांची दमछाक होईपर्यंत लढत ताणणं, हा दुबळ्या संघाचा जुना आधार होता, तो गेला. 2019 मध्ये भारतानं इटलीला मुद्दाम कोलकात्याच्या हिरवळीवर आणलं. डाव जुनाच होता. पण सेप्पी आणि बेरेत्तिनी यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही एकेरी घेतले आणि लढत 3-1 नं गेली. आजचे युरोपियन खेळाडू कुठल्याही कोर्टवर जोरदार सर्व्हिस करतात, आणि बेरेत्तिनी पुढे विम्बल्डनच्या अंतिम फेरीत खेळला. शिवाय आपली मुलं तरी आता गवतावर किती खेळतात? त्यांचं बहुतेक टेनिस हार्ड कोर्टवरच होतं. गवत पाहुण्यांना जितकं परकं, तितकंच यजमानांनाही.

सप्टेंबर 2025. स्वित्झर्लंडमधलं बील, बंदिस्त हार्ड कोर्ट, कोर्टची निवड यजमानांची. सुमित नागलच्या सोबत एकेरीत उतरला दक्षिणेश्वर सुरेश, मदुराईचा, अमेरिकेत विद्यापीठीय टेनिस खेळणारा, क्रमवारीत सहाशेच्याही खाली. उंच आणि सर्व्हिस मोठी. पदार्पणात त्यानं यजमानांच्या जेरोम किमला हरवलं. नागलनं आपले दोन्ही सामने जिंकले. लढत भारताची, 3-1. युरोपियन देशाला त्याच्या घरी हरवण्याची ही 1993 च्या फ्रेजुसनंतरची पहिलीच वेळ. तिन्ही गुण एकेरीतले, दोन वेगवेगळ्या खेळाडूंचे. भारतानं गमावला तो एकच सामना, दुहेरीचा.